देवीच्या छतातला वास

बायाक्काच्या दारात दूध आलं की ती आधी नखावर एक थेंब सोडून बघायची. थेंब घरंगळला तर दूधवाल्याकडं रोखून बघायची, आणि थेंब जागच्या जागी थांबला तरीही बघायचीच. कुंकू आणलं तर पाण्यात चिमूटभर टाकून रंग सुटतो का ते तपासायची. साडी विकायला आलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत ती काठातला एक धागा उपसायची आणि काडी ओढून जाळायची. सूत असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो, रेशीम असेल तर केस जळाल्यासारखा, आणि पॉलिस्टर असेल तर वितळून त्याची काळी टोचरी गुठळी होते. विणकराच्या घरात हे पोरींना स्वयंपाकाच्याही आधी येतं. पण बाकीच्या बायका संशय आला तर जाळून बघतात. बायाक्का जाळून बघायची आणि मगही तिचा संशय जायचा नाही.

माहेर तिचं निपाणीचं. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती आणि बायाक्का लहानपणी तिच्याच मांडीशेजारी पोत्यावर झोपायची. वडगावात सून होऊन आली तेव्हा तिच्या या नाकाची सगळ्या गल्लीनं चेष्टा केली होती. "तंबाखूनं माणसाचं नाक मरतंय म्हणत्यात, हिचं उलटंच झालंय की!" असं तिचा नवरा यमनाप्पा चारचौघांत म्हणायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली. घरातला हातमाग गेला, त्याच्या जागी मुलानं, किशननं, पॉवरलूम बसवले. रेशीम गेलं, पॉलिस्टर आलं. दिवसभर घरात खडखडाट असायचा, पण पहाटेची एक वेळ बायाक्काची स्वतःची होती. गल्लीच्या टोकाला बनशंकरीचं देऊळ आहे. तिथं झाडलोट करायची, सडा घालायचा, समई लावायची. हे काम तिला कुणी दिलं नव्हतं, आणि ते तिच्याकडून काढून घ्यायची कुणाची छातीही नव्हती.

देवळाचा गाभारा जुना. त्याचं छत काकतीच्या मष्णू गवंड्याच्या बापानं जिप्समच्या गिलाव्यात घडवलेलं. त्याला एक भेग म्हणून नाही. बाहेरचा सभामंडप मात्र अलीकडचा, आणि त्याच्या छताला पहिल्यापासून पीडा लागलेली. मागच्या खेपेला शहरातल्या एका कंत्राटदारानं ते काम केलं. जिप्सम पाण्यात कालवलं की बघता बघता आवळतं, थापीला सवडच मिळत नाही. म्हणून त्याच्या माणसांनी त्यात मैद्याची खळ मिसळली. बायाक्का तेव्हा समईची काजळी पुसत होती. तिनं लांबूनच नाक वर केलं.

"मैदा हाय व्हय रं त्यात?"

"मावशी, लगेच आवळू नये म्हणून घातलाय."

"आमी सुताला खळ लावतो, त्यात मोरचूद टाकतो. न्हाय तर बुरशी धरती. तुमी मोरचूद टाकला काय?"

ती पोरं हसली. श्रावणात छतावर काळे ठिपके उठले, दसऱ्याला पापुद्रे सुटले, आणि ऐन आरतीत एक ढलपा पंचांच्या प्रमुखाच्या, नागेंद्रअण्णांच्या खांद्यावर पडला. त्या दिवसापासून बायाक्काचं नाक म्हणजे गल्लीचा सरकारी शिक्का झाला. नवी चहापत्ती आणली तरी बायका तिच्याकडं पुडी घेऊन यायला लागल्या.

म्हणूनच या खेपेला नागेंद्रअण्णांनी काकतीहून मष्णूला बोलावलं. ज्याच्या बापाचं छत अजून उभं आहे, त्याच्या पोराचा हात तरी खोटा नसेल, असा त्यांचा हिशेब. पौषातल्या पौर्णिमेला देवीची यात्रा. त्या दिवशी पालखी सभामंडपात मधोमध टेकवतात, आणि बरोबर तिच्यावर छतात एक कमळ हवं, अशी सगळ्यांची इच्छा होती.

मष्णू पन्नाशीचा, काटकुळा, कमी बोलणारा. आल्या दिवशी त्यानं देवीला नारळ फोडला आणि देवळामागं तीन दगड मांडून चूल पेटवली. तिच्यावर एक डबा चढवला. डब्यावर झाकण, झाकणावर ओलं पोतं. कुणी जवळ आलं की तो उठून उभा राहायचा आणि माणूस माघारी जाईपर्यंत खाली बसायचा नाही.

बायाक्का माघारी गेली नाही.

"काय शिजवालास रं?"

"कालवण हाय, आक्का."

"कसलं?"

"गिलाव्यात घालायचं. आमच्या बाचं."

"ते कळालं. पण हाय कसलं?"

मष्णूनं पोतं जरा घट्ट केलं. "तुमच्या घरात आमटीला काय फोडणी घालता, ते मी इचारलं काय कधी?"

"इचार की! मी सांगतो," बायाक्का म्हणाली. त्या भागातल्या जुन्या बायका बोलताना अशाच 'सांगतो, करतो' म्हणतात. पण मष्णूनं विचारलं नाही.

वारा फिरला आणि डब्यातली वाफ तिच्या अंगावर आली. ओशट, कुबट, एखादा किडा मरून पडलेल्या अडगळीसारखा वास. बायाक्कानं पदर नाकाला लावला. हा भाजीपाल्याचा वास नव्हता. हा जिवाचा वास होता. काहीतरी जिवंत होतं, ते मेलं होतं, आणि ते आता देवीच्या डोक्यावर जाणार होतं.

सुतारकामाला लागणारा सरस तिला माहीत होता. जनावरांची हाडं आणि कातडी उकळून करतात तो. गिलाव्यात सरस घातला की तो सावकाश आवळतो आणि दगडासारखा कडक होतो, हेही तिनं कुठंतरी ऐकलं होतं. मष्णूचा गिलावा सावकाशच आवळत होता. परांचीवर बसून तो आरामात एकेक पाकळी ओढायचा, अंगठ्यानं कड फिरवायचा. जितकं कमळ उमलत गेलं, तितकं बायाक्काचं मन मिटत गेलं.

काम पुरं झालं. सगळी गल्ली माना वर करून बघायला जमली. पांढरंशुभ्र, काठाला नाजूक मुरड असलेलं कमळ. बायाक्का एकटी खाली बघत होती. परांचीखाली पडलेला बोटभर ढलपा तिनं पदराच्या टोकात बांधला आणि ती घरी आली.

सून राजेश्वरी भाकरी थापत होती. बायाक्कानं दुसरा गॅस पेटवला, ढलपा चिमट्यात धरून आचेवर नेला आणि त्यावर वाकली.

"आता आत्या दगड भाजून खाणार," राजेश्वरी म्हणाली.

"गप गं. वास घे."

राजेश्वरीनं वास घेतला. पुसट होता, पण होता. केस जळाल्यासारखा.

"केसासारखा येतोय."

"सूत जळालं तर असा येतोय काय? गिलाव्यात घालत्यात ते बेलफळ, गूळ, डाळ, काय बी जळालं तर असा येतोय काय?"

"न्हाय."

"मग?" बायाक्कानं ढलपा खाली ठेवला. "हाडाचा सरस हाय. देवीच्या डोक्यावर हाडं चढवली की गं त्यानं!"

संध्याकाळी तिनं सभामंडपातली समई उचलून बाहेर तुळशीजवळ ठेवली. नागेंद्रअण्णांनी कारण विचारलं, आणि तिनं सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर अण्णांनी चहा पाजून त्याला वाटेला लावलं असतं. पण हे नाक मैद्याच्या वेळी खरं ठरलं होतं. अण्णांचा हात नकळत स्वतःच्या खांद्यावर गेला.

मष्णूला बोलावणं गेलं. पंच देवळात बसले. बायाक्का खांबाला टेकून उभी राहिली.

"मष्णू, सरस घातलास काय?" अण्णांनी सरळच विचारलं.

"न्हाय."

"मग जळल्यावर केसाचा वास कसा येतोय?"

मष्णूनं बायाक्काकडं पाहिलं. "जाळून बघितलासा?"

"मी समदंच जाळून बघतो," बायाक्का म्हणाली.

"काय घातलंस तेवढं सांग की रं," अण्णा म्हणाले. "विषय मिटंल."

"ते सांगत न्हाय. बाला शब्द दिलाय. वंगाळ काय न्हाय, एवढं देवीसमोर सांगतो."

"वंगाळ न्हाय तर झाकून कशाला शिजवलास?" बायाक्का पुढं आली. "प्रसाद झाकून करत्यात, आणि चोरी झाकून करत्यात. तुझं कुठलं?"

कुणीतरी हसलं. मष्णू हसला नाही. त्यानं थापी उचलली, पायरीवर घासून पुसली, पिशवीत घातली. जाताना एवढंच म्हणाला, "काढायचं तर काढा. पण सहजी निघायचं न्हाय ते."

बायाक्काला ते वाक्य धमकीसारखं वाटलं. दोन रात्री ती नामस्मरण करायला बसली की मध्येच अडखळायची. बातमी तिच्या आधी पळाली. लोंढ्याला एका मंगल कार्यालयाचं छत मष्णू करणार होता. त्या लोकांनी परस्पर दुसरा माणूस बघितला. खडेबाजारात सुताच्या दुकानात किशनला कुणीतरी विचारलं, "तुमच्या देवळात हाडांचा गिलावा केलाय म्हणं?" किशन घरी येऊन आईवर चिडला. बायाक्का म्हणाली, "खरं ते खरं." पण भाकरीचा घास तिच्या तोंडात फिरत राहिला. माणसाच्या पोटावर पाय पडला होता, आणि पाय तिचा होता.

यात्रेला थोडे दिवस उरले असताना पंचांनी ठरवलं की कमळ तोडायचं आणि साधा चुना मारून पालखी टेकवायची. परशराम गवंड्याला सांगितलं. त्या सकाळी बायाक्का पूजेला बसली होती. राजेश्वरी मागं उभी राहून फुलं निवडत होती.

"आत्या, एक इचारू? रागावू नका."

"रागावण्यासारखं असंल तर इचारूच नको."

"जुन्या छताचा वास बघितलासा काय कधी? गाभाऱ्यातल्या? तेबी जिप्समच की. कोरं जिप्सम जळाल्यावर कसला वास येतोय, ते तुमाला तरी कुठं ठावं हाय?"

बायाक्काचा हात घंटीवर थांबला. साडी तपासताना ती नेहमी दोन धागे जाळायची, एक परका आणि एक घरचा, खात्रीचा. घरचा वास नाकात भरून घेतल्याशिवाय परका ओळखू नये, हे तिच्या सासऱ्यांनी शिकवलेलं. आणि इथं, देवीच्या कामात, तिनं एकच धागा जाळला होता.

जुन्याचा तुकडा तिच्याकडं होता. गाभाऱ्यात विजेची वायर ओढली तेव्हा छिद्र पाडताना सुपारीएवढा तुकडा पडला होता. देवीच्या डोक्यावरची वस्तू केरात कशी टाकायची, म्हणून तिनं तो लाल कापडात गुंडाळून देव्हाऱ्याच्या खणात ठेवला होता. रोज त्याच्यासमोर हात जोडले जात होते. देवीला नमस्कार करून तिनं तो बाहेर काढला. जाळायचं धाडस होईना. शेवटी त्याची कड तेवढी आचेवर धरली.

केस जळाल्याचा वास. तोच. या वेळी पुसटसुद्धा नव्हता.

बायाक्कानं गॅस बंद केला. म्हणजे मष्णूच्या बापानंही तेच घातलं होतं? लग्न होऊन आल्यापासून ज्या छताखाली तिनं समई लावली, उपास सोडले, यमनाप्पा आजारी असताना रात्र रात्र पदर पसरला, ते छतही तसलंच? तिला देवीचा राग आला, आणि राग आला म्हणून भीती वाटली. मग सवयीनं तिनं देवीऐवजी तुकड्यावर संशय घेतला. बत्त्यानं तो फोडला.

तुकडा फुटला, पण दोन भाग सुटे होईनात. मध्ये काहीतरी ताणून धरलेलं होतं. तिनं चष्मा लावला. नखानं ओढलं. बारीक, चिवट, लखलखीत असा एक धागा निघाला. डाळिंबी रंगाचा.

तो रंग तिनं ओळखला. तिच्या लग्नातल्या साडीचा काठ त्याच रंगाचा होता. ती साडी सासऱ्यांनी याच घरात, याच जागी असलेल्या मागावर विणली होती. मागाखाली पडलेलं रेशमाचं तुटकं-मुटकं एका मडक्यात साठवायचे, आणि कुणीतरी खेड्यातला माणूस वर्षातून एकदा येऊन ते मडकं रिकामं करून न्यायचा. "काय करतो हो तो त्याचं?" असं तिनं नवी नवरी असताना विचारलं होतं. "देवाचं काम करतोय," यमनाप्पा म्हणाला होता. तिला वाटलं होतं, वाती करत असेल.

"रेशीम हाय गं," ती म्हणाली. "रेशीमबी केसासारखंच जळतंय. मी म्हणजे मी, विणकराची सून, मला हे सुचू न्हाय?"

"आणि नव्यात?"

"नव्यात कच्चं असंल. कच्चं रेशीम पांढरंच, पांढऱ्यात दिसतंय कुठं! उकळलं की त्याचा डिंक सुटतोय पाण्यात. सासूबाई सांगायच्या, लई घाण मारतंय म्हणून. आमच्या घरात रंगवूनच यायचं, मी कधी वास घेतलाच न्हाय."

"पण आत्या, रेशीमबी किड्याचंच की. जीव तिथंबी जातोय."

हे बायाक्काच्या कधी मनात आलं नव्हतं. "सोवळ्याला चालतंय," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "देवीनं चालवून घेतलंय. मी कोण?"

आणि तेवढ्यात तिला आठवलं की परशराम आज छिन्नी घेऊन यायचा होता.

सत्तरीतली बाई गल्लीतून पळत गेली. देवळात परशराम परांचीवर बसून घाम पुसत होता. सकाळपासून त्यानं एकच पाकळी उडवली होती, तीही अर्धीच. तुटलेला भाग तंतूंना लोंबकळत होता.

"अण्णा, हे गिलावा हाय का चामडं हाय?" तो वरून ओरडत होता. "छिन्नी परत येतीया माझ्याच अंगावर!"

"थांब रं! हात लावू नको!" बायाक्का दारातूनच ओरडली.

नागेंद्रअण्णा खुर्चीतून उठले. "आता काय झालं, आक्का?"

तिनं मूठ उघडली. तळहातावर डाळिंबी धागा होता. सगळं सांगितलं. शेवटचं मात्र तिनं देवीकडं बघून सांगितलं. "माझं नाक चुकलं न्हाय, अण्णा. मी चुकलो. वास बरोबर होता, नाव मी चुकीचं दिलं."

त्याच दुपारी ती अण्णांबरोबर काकतीला गेली. मष्णू अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घालत होता. त्यानं या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. त्याच्या बायकोनं मात्र पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"रेशीम घातलास तू," बायाक्का म्हणाली.

मष्णूचा हात शेंगांत थांबला. "कुणी सांगितलं?"

"तुझ्या बानंच. छतात बसून." तिनं धागा पुढं केला. "हे आमच्या घरचं हाय. आमच्या मडक्यातलं."

मष्णूनं धागा उजेडात धरून बघितला. बराच वेळ बघितला. मग डोळे बारीक करून म्हणाला, "आता हे गल्लीभर सांगितलासा असाल. उद्या परशरामबी रेशीम उकळणार."

"उकळू दे की. तुझ्या हातचं कमळ त्याला जमणार हाय काय?"

"ग्वाड बोलालासा. पंचांत बोलला न्हाईसा असं."

"न्हाय बोललो," बायाक्का म्हणाली. "लोंढ्याला मी सोता जातो. त्या कार्यालयवाल्यांना सांगतो, संशय माझा होता, खोट तुझ्यात नव्हती. पण तू ये. पाकळी तुटलीया. पालखी तुटक्या कमळाखाली बसवायची काय?"

मष्णू शेंगा पसरत राहिला. अण्णांनी घसा खाकरला, तरी त्यानं वर बघितलं नाही. शेवटी म्हणाला, "येतो. पण डब्याशी तुमीच बसायचं. ढवळायचं तुमी. मग परत इचारायचं न्हाय, काय शिजवालास म्हणून."

लोंढ्याला ती जाऊन आली. ते काम परत मष्णूकडं आलं नाही. दुसऱ्या माणसाला शब्द गेला होता. हे तिनं मष्णूला सांगितलं तेव्हा तो फक्त "व्हय" म्हणाला. त्या 'व्हय'मध्ये राग किती आणि क्षमा किती, हे तिच्या नाकाला कळेना.

यात्रेच्या आदल्या दिवशी देवळामागं पुन्हा तीन दगडांची चूल पेटली. मष्णूनं पिशवीतून पांढऱ्या कच्च्या रेशमाचा गुंता काढला. बायाक्कानं हात पुढं केला. त्यानं गुंता तिच्या हातात दिला, आणि तिनं सवयीनं त्यातला एक तंतू उपसून चुलीच्या जाळावर धरला. केसाचा वास आला.

"झालं समाधान?" मष्णू म्हणाला.

"हाताला सवय हाय रं, मनाला न्हाय," ती म्हणाली, आणि ते तिला स्वतःलाच पुरतं खरं वाटलं नाही.

डबा उकळायला लागला. तोच ओशट वास. ती पदर न लावता ढवळत राहिली. पाणी चिकट झालं, काठीवरून तार धरायला लागलं. मष्णूनं काठी उचलून बघितली, मान हलवली आणि कमरेची चंची सोडली.

"अजून एक मूठ टाकायची हाय," तो म्हणाला. "तोंड फिरवा, आक्का."

बायाक्का त्याच्याकडं बघत राहिली. आयुष्यात तिनं दुधाच्या थेंबावरची नजर काढली नव्हती. चंचीत काय होतं? काहीही असू शकलं असतं. देवीच्या डोक्यावर जाणारी मूठ, आणि ती न बघता?

"बाचा शब्द हाय," मष्णू म्हणाला. आवाज हळू होता, पण काठी त्यानं पाण्यात परत घातली नाही.

देवळाच्या मागच्या भिंतीला एक झरोका होता. त्यातून गाभाऱ्यातली समई दिसायची. बायाक्कानं तिकडं तोंड केलं आणि हात जोडले. मागं काहीतरी पाण्यात पडल्याचा आवाज झाला. वाफेचा वास बदलला. काय पडलं ते तिच्या नाकानं ओळखलं, लगेच ओळखलं. निपाणीच्या वखारीत, आईच्या मांडीशेजारी पोत्यावर नाकात बसलेला तो वास होता.

"फिरा आता," मष्णू म्हणाला. "काय कळालं काय?"

"न्हाय बाबा," बायाक्का म्हणाली, आणि काठी घेऊन पुन्हा ढवळायला लागली.